समासातला दुसरा आकडा

माझ्याकडे एक जाड पुठ्ठ्याची वही आहे. सिनेमा पाहून आले की त्याच रात्री, झोपण्याआधी, तिच्यात एक ओळ लिहायची: तारीख, सिनेमाचं नाव, कुणाबरोबर पाहिला आणि पाचपैकी किती. अर्ध्याची मुभा आहे, पावाची नाही. आकड्याशेजारी दोन-तीन शब्दांचा शेरा. लिहिलेला आकडा खोडायचा नाही, हा एकच कडक नियम. मत बदललं तर डावीकडच्या समासात नवा आकडा आणि नवी तारीख लिहायची. वही सुरू केली तेव्हा समास शाळेतल्या सवयीनं सुटला होता. आज वही उघडली की नजर आधी तिथेच जाते.

वर्ष संपता संपता आम्ही पाच जण एकत्र बसतो. मी, माझा मावसभाऊ, कॉलेजपासूनची एक मैत्रीण, एक मित्र आणि त्याचे वडील. त्यांना आम्ही सगळेच काका म्हणतो. वर्षभरात आलेल्या नव्या सिनेमांची यादी करायची, आपापले आकडे मांडायचे आणि मग भांडायचं. भांडण हाच शब्द योग्य आहे. एका दिग्दर्शकावरून ही मैत्रीण आणि हा मित्र एकदा आठ दिवस एकमेकांशी बोलले नव्हते. त्या दोघांना कुणी विचारलं असतं की सिनेमा एवढा महत्त्वाचा आहे का, तर दोघांनीही एका सुरात होकार दिला असता.

पहिलं भांडण गुणांवरून होत नाही. ते होतं सिनेमा कोणत्या वर्षाचा यावरून. प्रश्न साधा वाटतो, पण तो साधा नाही. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ घ्या. २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात तो दाखवला गेला, २०१४ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि आपल्याकडे तिकीट काढून तो पाहता आला २०१५ च्या एप्रिलमध्ये. राष्ट्रीय पुरस्कारासाठी सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची तारीख धरतात. त्यामुळे तिथे काहीच गोंधळ नाही. पण प्रेक्षक प्रमाणपत्र पाहून आत जात नाही. मग माझ्या वहीत तो कुठल्या वर्षात बसवायचा? ऑस्करच्या पहिल्या सोहळ्यात तर वर्षच १ ऑगस्ट १९२७ ते ३१ जुलै १९२८ असं होतं. पुढे त्यांनी जानेवारी ते डिसेंबर हे वर्ष धरलं, पण बराच काळ अट राहिली ती लॉस एंजेलिसमध्ये प्रदर्शित होण्याची. चॅप्लिनचा ‘लाइमलाइट’ १९५२ चा, पण राजकीय विरोधामुळे त्या काळात तो लॉस एंजेलिसमध्ये लागलाच नाही. लागला १९७२ मध्ये. त्यामुळे त्याच्या संगीताला ऑस्कर मिळालं १९७३ च्या सोहळ्यात, सिनेमा झाल्यानंतर वीस वर्षांनी. चॅप्लिनच्या जोडीनं ज्या दोघांना तो पुरस्कार मिळाला, ते तोवर हयातही नव्हते.

ही हकिकत काकांनी आम्हाला सांगितली, ती आमचं भांडण मिटवायला. पण ती ऐकून मला वेगळंच वाटलं. कुठल्या तरी शहरातला पडदा मोकळा झाला नाही म्हणून एखादी कलाकृती वीस वर्षं कुणाच्याच यादीत बसत नाही, हे मनाला लागलं. तेव्हापासून आमचा नियम असा आहे: महोत्सवाचा पास नसलेल्या माणसाला जो सिनेमा ज्या वर्षी पाहता आला, तो त्या वर्षाचा. मित्राला हा नियम मान्य नाही. तो वर्षातून एकदा रजा काढून महोत्सवाला जातो आणि पुढच्या वर्षीचे सहा-सात सिनेमे आधीच पाहून येतो. त्याच्या दृष्टीनं आमची यादी कायम शिळी असते. त्याची अडचण मला समजते. बारा महिने एखाद्या सिनेमाबद्दल बोलण्यासाठी कुणीच नसणं हा एकटेपणाच आहे.

आता आकडे.

सिनेमाला तारे द्यायची पद्धत जुनी आहे. १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’मध्ये आयरीन थायरर या समीक्षिकेनं परीक्षणासोबत तारे द्यायला सुरुवात केली. तिच्याकडे कमाल तारे तीन होते. म्हणजे बोलपटांचा जमाना नीट सुरूही झाला नव्हता आणि ‘किती तारे?’ हा प्रश्न मात्र आला होता. आज कुठे चार, कुठे पाच, कुठे दहा. अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्ट चारपैकी तारे देत आणि वारंवार बजावत की हे तारे सापेक्ष आहेत: मारामारीच्या सिनेमाला दिलेले तीन तारे दुसऱ्या मारामारीच्या सिनेमांच्या पंगतीत वाचायचे, एखाद्या अभिजात शोकांतिकेशी ताडून बघायचे नाहीत. मला हे फार उशिरा पटलं. वहीच्या पहिल्या वर्षांत माझ्या मनात एकच लांबलचक शिडी होती, आणि एका निखळ विनोदी सिनेमाला मी अडीच दिले होते, कारण ‘यात खोली नाही’. खोली त्याला नकोच होती. त्याला अचूक वेळ साधायची होती, आणि ती त्यानं एकदाही चुकवली नव्हती. आता त्याच्या समासात चार आहेत.

आमच्यात प्रत्येकाचा आकडा वेगळी भाषा बोलतो, हे कळायलाही दोन-तीन वर्षं गेली. मैत्रिणीचा तीन म्हणजे ‘छान होता, आईला घेऊन जा’. मित्राचा तीन म्हणजे निराशा. काका पाच कधीच देत नाहीत. आजवर त्यांनी पाच फक्त एकदा दिला, तोही एका लघुपटाला, आणि वर म्हणाले, “पूर्ण लांबीचा असता तर कुठे तरी चुकला असता.” मावसभाऊ पाच मोकळ्या हातानं देतो. सिनेमा आवडला की आवडला, त्यातून अर्धा कापून काय मिळवायचं, असं त्याचं म्हणणं. आणि एकदा दिलेला आकडा तो बदलत नाही. “ताई, त्या दिवशी मला वाटलं ते वाटलं.” माझ्या समासाला तो कच खाणं म्हणतो.

अशा पाच भाषांची सरासरी काढायची आणि तिला वर्षाचा निकाल म्हणायचं, हे आम्ही सुरुवातीची काही वर्षं निष्ठेनं केलं. मोठ्या प्रमाणावर हेच सगळीकडे चालतं, आणि तिथे निदान काही काळजी घेतलेली असते. आयएमडीबी या संकेतस्थळावर प्रेक्षक सिनेमांना दहापैकी गुण देतात. तिथल्या सर्वोत्तम अडीचशेंच्या यादीमागचं सूत्र घ्या. मतं कमी असतील तर सिनेमाची सरासरी सगळ्या सिनेमांच्या सर्वसाधारण सरासरीकडे ओढली जाते. मतं वाढतील तसा तो स्वतःच्या आकड्यावर उभा राहतो. तेवीस माणसांनी दहापैकी दहा दिले म्हणून कुणी पहिल्या पानावर जात नाही. मला हे सूत्र मनापासून आवडतं. त्यात नवख्याबद्दल आकस नाही, फक्त ‘थोडं थांबू या’ आहे.

समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळाच्या टक्क्यांबद्दल मात्र बोलायलाच हवं. कारण त्या एका आकड्यानं आमच्याकडे जितके गैरसमज केले तितके दुसऱ्या कशानं केले नाहीत. तिथला ९५ टक्के म्हणजे सिनेमाला शंभरपैकी ९५ गुण नव्हेत. शंभरातल्या पंचाण्णव समीक्षकांचं मत अनुकूल आहे, एवढंच. समजा एखाद्या सिनेमाला प्रत्येक समीक्षकानं ‘ठीक आहे, बघण्यासारखा’ म्हटलं, तर तो १०० टक्के. दुसऱ्या सिनेमाला सत्तर जणांनी आयुष्यभर विसरणार नाही असं म्हटलं आणि तीस जण चिडून उठले, तर तो ७०. पहिल्यानं कुणालाच दुखावलेलं नाही. दुसऱ्यानं काही तरी केलेलं आहे. वर्षाच्या शेवटी माझ्या लक्षात राहतात ते बहुतेक सत्तरवाले. आमच्या पाच जणांतसुद्धा ज्याला ५, ५, १, ४, १ पडतात, त्याच्यावर रात्री दोनपर्यंत बोलणं चालतं, आणि ज्याला सगळ्यांचे साडेतीन, त्याचं पान उलटलं जातं. दोघांची बेरीज काढली तर साडेतीनवाला पुढे. त्या वर्षी आम्ही सरासरी काढणं सोडून दिलं.

सरासरीऐवजी क्रम लावू या, असं ठरलं. गुण नकोत, प्रत्येकानं फक्त सांगायचं, कुठला वर, कुठला खाली. ऑस्करमध्येही सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी गेली काही वर्षं असंच पसंतीक्रमानं मतदान होतं. पहिल्याच वर्षी आम्ही अशा कोंडीत सापडलो की ती आठवली तरी मला अजून थरार वाटतो. शेवटच्या फेरीत तीन सिनेमे उरले. एक युद्धाचा, एक प्रेमाचा, एक दरोड्याचा. मी आणि काकांनी तिघांपैकी एक पाहिला नव्हता, आणि न पाहिलेल्यावर मत द्यायचं नाही हा आमचा जुना नियम. राहिले तिघं. मावसभावाचा क्रम: युद्ध, प्रेम, दरोडा. मैत्रिणीचा: प्रेम, दरोडा, युद्ध. मित्राचा: दरोडा, युद्ध, प्रेम.

आता दोन-दोनची जोडी लावून पाहा. युद्ध की प्रेम? मावसभाऊ आणि मित्र युद्धाच्या बाजूनं, म्हणजे युद्ध जिंकलं. प्रेम की दरोडा? मावसभाऊ आणि मैत्रीण प्रेमाच्या बाजूनं. मग युद्ध प्रेमाच्या वर, प्रेम दरोड्याच्या वर, तर युद्ध पहिलं, असं म्हणून आम्ही वही मिटणार, तेवढ्यात मैत्रीण म्हणाली, “दरोडा की युद्ध ते पण विचारा ना.” विचारलं. मैत्रीण आणि मित्र दोघंही दरोड्याच्या बाजूनं. दरोडा युद्धाच्या वर! तिघांचीही मतं आपापल्या जागी स्वच्छ, सुसंगत, आणि तिघांचं मिळून मत एका वर्तुळात फिरत राहिलेलं. काही वेळ कुणीच बोललं नाही. आमच्यापैकी कुणी तरी लबाडी केलीय, असं प्रत्येकाला वाटत होतं आणि लबाडी कुठेच नव्हती.

फ्रान्सचा गणितज्ञ कोंदोर्से यानं हा पेच १७८५ मध्येच मांडून ठेवला आहे, हे मला नंतर वाचनात आलं. आणि १९५१ मध्ये अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी त्याही पुढे जाऊन सिद्ध केलं की अनेकांच्या पसंतीक्रमांतून एक सामाईक क्रम काढण्याची अशी कुठलीच रीत नाही, जी काही अगदी साध्या, रास्त अटी एकाच वेळी पाळू शकेल. निवडणुकांसाठी ही चिंतेची बाब असेल. मला मात्र त्या रात्री हायसं वाटलं. ‘या वर्षीचा सर्वोत्तम सिनेमा कोणता?’ याचं उत्तर आम्हाला सापडत नव्हतं ते आम्ही कमी पडलो म्हणून नव्हे. त्या वर्षाच्या पानावर मी तिन्ही नावं गोल लिहिली आहेत, बाणांनी जोडून.

तेव्हापासून निकाल लावण्याची घाई आमच्यातून गेली, आणि त्यानंतरच एकमेकांचं ऐकणं सुरू झालं.

ऐकण्यात एक अडथळा होता, तो आम्ही चिठ्ठ्यांनी दूर केला. आधी मावसभाऊ उत्साहानं पहिला आकडा सांगायचा आणि पुढचे सगळे आकडे त्याच्या आसपास घोटाळायचे. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. एका संकेतस्थळावरच्या प्रतिक्रियांपैकी काहींना, यदृच्छेनं निवडून, सुरुवातीलाच एक अनुकूल मत देऊन ठेवलं. बाकी काही केलं नाही. शेवटी त्या प्रतिक्रियांचं गुणांकन सरासरी २५ टक्क्यांनी जास्त निघालं. एका अनोळखी माणसाच्या एका होकाराचा हा परिणाम. आमच्यात तर समोर लाडका भाऊ बसलेला. म्हणून आता आधी चिठ्ठ्या, घड्या घालून, आणि मग एकदम उघडायच्या. पहिल्याच वर्षी दिसलं की काका सर्वांत कठोर नाहीत. सर्वांत कठोर मी आहे.

एका चिठ्ठीची गोष्ट सांगायला हवी. दोन बहिणी आईचं घर रिकामं करतात, एवढीच त्या सिनेमाची कथा होती. मी दोन दिले होते. शेरा: ‘संथ. काही घडत नाही.’ मैत्रिणीच्या चिठ्ठीत पाच. मी माझी बाजू मांडली, आणि चांगली मांडली असं मला वाटलं. दृश्यं गरजेपेक्षा लांब आहेत, संगीत जवळजवळ नाही, दोघी बहिणी एकमेकींशी मनातलं बोलतच नाहीत. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं: “आईच्या खोलीत कॅमेरा पहिल्यांदा कधी जातो?”

मला आठवेना. मी म्हटलं, सुरुवातीलाच असेल. ती म्हणाली, “शेवटून दुसऱ्या दृश्यात. तोवर आपण सतत बाहेर उभे असतो. दार उघडं असतं, त्या दोघी आत जातात, बाहेर येतात, आणि आपण बाहेर.” पुढे ती काही बोलली नाही. ती वाद जिंकायला बसली नव्हती. तिला तो सिनेमा मला द्यायचा होता.

मी घरी येऊन पुन्हा पाहिला. ती म्हणाली तसंच होतं. कॅमेरा उंबरठ्याशी थांबायचा. आतून कपाट उघडल्याचा, हँगर सरकवल्याचा आवाज यायचा. ज्याला मी ‘काही घडत नाही’ म्हटलं होतं ते सगळं त्या दाराच्या आत घडत होतं, आणि दिग्दर्शकानं मला मुद्दाम बाहेर ठेवलं होतं, कारण त्या बहिणीही मनानं अजून बाहेरच होत्या. शेवटून दुसऱ्या दृश्यात कॅमेरा आत जातो तेव्हा खोलीत काहीच उरलेलं नसतं. मी बराच वेळ बसून राहिले. मग वही उघडून पहिल्या खेपेची तारीख पाहिली, आणि कारण समोर होतं: त्याच दिवशी संध्याकाळी मी एक दणदणीत पाठलागपट पाहिला होता आणि त्यानंतर रात्री उशिरा हा लावला होता. कानांत अजून इंजिनं घरघरत असताना हँगर सरकल्याचा आवाज कसा ऐकू येणार? दोन हा आकडा सिनेमाचा नव्हता. तो त्या संध्याकाळचा होता. समासात साडेचार लिहिले.

याच्या उलटही झालंय. पहिल्या दिवशी, पहिल्या खेळाला, खच्चून भरलेल्या थिएटरात पाहिलेल्या एका सिनेमाला मी पाच दिले होते. शिट्ट्या, टाळ्या, शेजारची अनोळखी बाई माझा हात धरून हसत होती. दीड वर्षानं घरी एकटीनं पाहिला तर तो सिनेमा तिथे नव्हताच. विनोद होते तिथेच होते, पण त्यांच्यामधे हसण्यासाठी सोडलेल्या जागा रिकाम्या ऐकू येत होत्या. समासात तीन. मित्राचं म्हणणं, हा तीनच खरा. गर्दीची झिंग उतरल्यावर उरतं तेच मोजायचं. यावर काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “त्या दिवशी टाळ्या वाजवणारी तू खोटी होतीस का गं?”

नव्हते. आणि काही सिनेमे घरात एकट्यानं पाहायला केलेलेच नसतात. १९६७ मध्ये ‘बॉनी अँड क्लाइड’ आला तेव्हा ‘न्यूजवीक’ साप्ताहिकाचे समीक्षक जो मॉर्गेनस्टर्न यांनी त्याची कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली. मग ते पुन्हा, या वेळी सामान्य प्रेक्षकांच्या गर्दीत बसून, तो पाहायला गेले, आणि पुढच्याच अंकात आपलं आधीचं परीक्षण चुकलं असं त्यांनी छापलं. एका आठवड्यात, लाखो वाचकांसमोर. मला त्या माणसाबद्दल अतोनात आदर आहे. माझी वही मी फक्त चार जणांना दाखवते, तरी समासात लिहिताना हात जड होतो. त्यांनी अख्खा अंक समासासारखा वापरला.

आकडा त्याच रात्री लिहायचा की थांबून, यावर आमच्यात अजून एकमत नाही. थांबण्याच्या बाजूनं बोलणारी एक गोष्ट मला १९९३ च्या एका प्रयोगात सापडली. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना थंडगार पाण्यात हात बुडवायला लावला. एकदा ६० सेकंद, आणि एकदा तेच ६० सेकंद अधिक ३० सेकंद, ज्यात पाणी किंचित कमी थंड केलेलं. पुन्हा करायचं झाल्यास कुठलं चालेल, असं विचारल्यावर बहुतेकांनी दीड मिनिटवालं निवडलं. त्रास जास्त, पण शेवट बरा. आता माझ्या वहीतले शेरे वाचते तेव्हा ‘शेवट!’ हा शब्द उद्गारचिन्हासह किती वेळा येतो ते दिसतं. ढेपाळलेल्या सेकंड हाफला शेवटच्या पाच मिनिटांनी कितीदा अर्धा-एक गुण मिळवून दिलाय! आणि एक देखणा, जिवंत सिनेमा, केवळ शेवटाला अडखळला म्हणून, अडीचवर पडून राहिलाय. तरीही मी त्याच रात्री लिहिते. थांबले तर दुसऱ्यांची मतं माझ्या आठवणीत मिसळतात, आणि मग समासात काय बदललं हे कधी कळणारच नाही.

काळ काय करतो ते पाहायचं असेल तर ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाच्या याद्या एकापुढे एक ठेवून वाचाव्यात. १९५२ पासून दर दहा वर्षांनी ते समीक्षकांना सर्वोत्तम सिनेमे विचारतात. पहिल्या वेळी अवघ्या चार वर्षांपूर्वीचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ पहिला आला आणि ‘सिटिझन केन’ पहिल्या दहांतही नव्हता. पुढच्या पाच वेळा, २००२ पर्यंत, पहिला तोच. २०१२ मध्ये ‘व्हर्टिगो’. १९५८ च्या या सिनेमाला पहिल्या दहांत यायलाच १९८२ उजाडलं होतं. २०२२ मध्ये शांताल आकेरमान यांचा १९७५ चा ‘जान दील्मान’ पहिला आला. एका स्त्रीनं दिग्दर्शित केलेला सिनेमा त्या जागी पहिल्यांदाच. आणि ज्याँ रेन्वार यांच्या ‘द रूल्स ऑफ द गेम’ची १९३९ मध्ये पॅरिसच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली होती. त्याला कापलं, त्यावर बंदी आली, मूळ निगेटिव्ह युद्धात नष्ट झाली, आणि १९५९ मध्ये तुकडे जुळवून तो पुन्हा उभा केला गेला. १९५२ पासून २०१२ पर्यंतच्या प्रत्येक यादीत तो पहिल्या दहांत आहे. २०२२ मध्ये तो बाहेर पडला तेव्हा मला घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं, आणि तरीही मी त्या नव्या यादीच्या बाजूनं काकांशी तासभर भांडले.

आपल्याकडे गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ १९५९ मध्ये पडला, आणि त्यानंतर दिग्दर्शक म्हणून त्यांनी पडद्यावर स्वतःचं नाव कधीच येऊ दिलं नाही. समासातला आकडा त्यांच्या डोळ्यांदेखत कुणी लिहिला असता तर? हा प्रश्न मी काकांसमोर काढत नाही, त्यांचा आवाज बदलतो.

जुन्या यादीचं काळ काय करतो, हे आम्ही गेल्या वर्षी आमच्यापुरतं करून पाहिलं. दहा वर्षांपूर्वीची आमची यादी काढली आणि कुणीही नव्यानं काही न पाहता, फक्त आठवणीवर, प्रत्येक सिनेमातलं एक दृश्य सांगायचं ठरवलं. त्या वर्षी पहिल्या आलेल्या सिनेमातलं एकही दृश्य पाच जणांपैकी कुणाला सांगता येईना. कथा आठवत होती, नटाला मिळालेला पुरस्कार आठवत होता, आम्ही एकमेकांना काय म्हणालो तेही आठवत होतं. अकराव्या क्रमांकावर एक छोटा सिनेमा होता, ज्याला कुणीच साडेतीनच्या वर दिले नव्हते. त्यातलं एकच दृश्य पाचही जणांनी सांगितलं: बसच्या मागच्या काचेतून लहान होत जाणारा एक मुलगा. मैत्रिणीनं त्याचा शर्ट निळा सांगितला, मित्रानं पिवळा. ते तपासायला आम्ही कुणीच उठलो नाही.

या वर्षीच्या चिठ्ठ्यांत एका सिनेमाला मावसभावाचे पाच होते आणि माझा दीड. इतकं अंतर आम्हा दोघांत कधीच पडलं नव्हतं. तो वाद घालायच्या भरीस पडला नाही. म्हणाला, “ताई, अजून एका थिएटरला लागलाय. परत बघ. मी बरोबर येतो, पण तोंड उघडणार नाही.” आम्ही गेलो. प्रेक्षागृह जवळपास रिकामं होतं. त्यानं शब्द पाळला, हूं की चूं केलं नाही. ज्या दृश्यासाठी त्यानं पाच दिले होते, नायिका जिन्यावर बसून फोन ठेवते ते, ते आलं तेव्हा मी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. मला ते अजूनही बेतलेलं वाटलं. पण त्याच्या आधीचा, ती जिना चढते तो लांब, विनाकट शॉट मी पहिल्या वेळी पाहिलाच नव्हता. तिचा दम लागतो तो अभिनय नव्हता, ती खरंच चार मजले चढली होती.

दिवे लागल्यावरही तो उठेना. मग म्हणाला, “ते फोनचं दृश्य मला वाटत होतं तसं नाहीये गं. मी पाच दिले ते त्याच्यासाठी नव्हतेच बहुतेक. तिच्या चढण्यासाठी होते. आकडा तोच आहे, पण चुकीच्या दृश्यासाठी दिला होता.”

थोडा वेळ गेला आणि त्यानं विचारलं, “अशा वेळी समासात काय लिहितेस?”

मला उत्तर माहीत नव्हतं, असं आजवर झालंच नव्हतं. घरी येऊन मी वही त्याच्यापुढे ठेवली आणि पेन दिलं. माझ्या ओळीशेजारी मी अडीच लिहिले. त्यानं त्याखाली स्वतःचं नाव लिहिलं, पुढे पाच, नवी तारीख, आणि कंसात ‘जिना’.